पत्राखालची पाच नावं

रेडिओ अजूनही ऐकणारे लोक आहेत आणि त्यातले बरेच आमच्या गोंदिया जिल्ह्यात आहेत. हसायचं तर हसा, मीही त्यांतलाच. केशोरीत आमचा श्रोता संघ आहे. संघ म्हणजे आठ माणसं, एक रजिस्टर आणि फर्माइशीची पत्रं. मोबाईल आले, पण पत्राची सवय सुटली नाही. एका पत्राखालची पाचच नावं निवेदक वाचतो, उरलेल्यांचं ‘आणि इतर मित्र’ होऊन जातं. म्हणून आम्ही पाळी लावली होती. या वेळी ज्याचं नाव सगळ्यात वर, ते पुढच्या वेळी सगळ्यात खाली. रेडिओवर ‘इतर मित्र’ म्हणून ज्यानं कधी स्वतःला ऐकलं नाही, त्याला हे पोरकट वाटेल.

एक तारीख घ्यायची आणि त्या दिवशी गाण्यांच्या दुनियेत वेगवेगळ्या वर्षी काय काय घडलं ते सांगायचं, असा एक कार्यक्रम लागायचा. श्रोत्यांकडून लिहून मागवत. माझी तारीख ठरलेली होती. इथं ती सांगत नाही, कारण सांगितली की लोक मोबाईल काढतात आणि माझ्या चुका शोधतात. धानाची कामं सांभाळून, जुनी मासिकं आणि रद्दीतली वर्तमानपत्रं चाळून मी चार वर्षं ती तारीख जमवली. त्या दिवशी एका संगीतकाराचं स्वतःच्या नावावरचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं होतं. एका गायिकेनं त्याच दिवशी शेवटचा स्टेज कार्यक्रम केला. आणखी एका वर्षी त्याच तारखेला एक गाणं सिनेमातून कापलं गेलं, तर रेडिओनं ते उचलून धरलं आणि सिनेमा विसरून लोक गाणंच गुणगुणत राहिले.

आणि त्याच तारखेला माझ्या आईचं लग्न झालं होतं. ती तारीख माझी झाली ती त्यामुळंच. लग्न आमच्याच गावात, नवऱ्याच्या दारी होतं आणि त्याला कोणीतरी अर्जुनी मोरगाववरून बैलगाडीत गवतावर ठेवून ग्रामोफोन आणला होता. रेकॉर्डवरचं गाणं आमच्या गावात वाजलं ते पहिल्यांदा. मुंबईत घडलं तरच इतिहास होतो काय? माझ्या आजोबांना, म्हणजे आईच्या सासऱ्यांना, तो थिल्लरपणा वाटला आणि त्यांनी गाणं अर्ध्यातच बंद करायला लावलं. नवरी रडू लागली. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून रडते.

“माहेरासाठी नाई रे बाबू,” आईनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. “गानं अर्ध्यात बंद केलं ना, त्याच्यासाठी रडली मी. कोनाले सांगू नको.”

हे मला लिहायचं होतं. मी तिला विचारलं. तिसऱ्या दिवशी तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली, “लिह. पन तुह्या नावानं आलं पाह्यजे. पोरानं सांगतलं तं शोभते. दुसऱ्याच्या तोंडून नोको.”

नावाची काळजी नव्हतीच, त्या खेपेला पाळी माझी होती. संघाची पत्रं माझा मित्र लिहायचा. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळं आमचा कच्चा मजकूर तो पक्का करायचा, खाली नावं घालायचा आणि टपालात टाकायचा. तीस वर्षांची मैत्री. चार पानं त्याच्या हातात दिली आणि मी निर्धास्त झालो.

दुपारी कार्यक्रम लागला. आई नवं लुगडं नेसून रेडिओसमोर बसली होती. निवेदक वाचू लागला आणि माझी वाक्यं माझ्याच घरात ऐकू येऊ लागली. ‘माझ्या आईच्या लग्नात’ हे शब्द आले तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मग नावं आली. मित्राचं, त्याच्या बायकोचं, मुलाचं, भावाचं, भावजयीचं. आणि इतर मित्र.

“तुह्यं कधी घेते?” आईनं विचारलं. तोवर जाहिरात सुरू झाली होती.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता. तो ओशाळला असता तर बरं वाटलं असतं. पण त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, “पोराची सोयरीक जुळून राहिली ना सालेकस्याले. पावने आयकनार होते. म्हटलं घरच्यायचं नाव येऊ दे एक डाव. तुह्यं सहावं होतं, त्यायनं नाई वाचलं तं मी का करू?”

“आन् माह्या मायचं लगन?”

“माय तुही का न् माही का, एकच होय ना.”

माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. मी तो खाली घेतला आणि निघालो. गाण्यांच्या माहितीचा विचार मनात नव्हता. ती कोणाच्याही नावावर जावो. पण घरी जाऊन आईला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. घरी पोचलो तर तिनं जेवायला वाढलं, रेडिओवर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आली. मित्राची आई वारून बरीच वर्षं झाली होती, तिची आठवण काढायला शेजारणीला निमित्त मिळालं होतं.

“काकू, रेडिओ आयकला काय? त्याची माय लगनात गान्यासाठी रडली होती म्हनते! आमाले कधी बोलली नाई वं.”

मी दारातच होतो. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर आईनं माझ्याकडे न पाहता हातानंच मला गप्प केलं.

“हो वं,” ती म्हणाली. “मी होती ना त्या लगनात. लय रडली बिचारी.”