खिशात राहिलेला कागद

पायदळातून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरी अठ्ठावीस वर्षं, त्यातली शेवटची आठ वेपन ट्रेनिंगला. रिक्रूटांना रायफल शिकवायचो. त्यानंतरचं माझं पोस्टिंग सेंदाई, जपान. कमांडिंग ऑफिसर माझी मुलगी अनुजा, तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक. माझी ड्यूटी कचरा वेगळा करायची. प्लास्टिकच्या दिवशी बाटल्या ठेवल्या की नात जपानीत झापायची. एवढी बोलणी मी ॲडज्युटंटचीही खाल्ली नव्हती.

त्सुनामीला सहा वर्षं झाली होती. अणुभट्टीच्या अपघातानंतर त्या बाजूच्या रानडुकरांचं मांस कुणी खात नसे. डुकरं वाढली आणि शेतं उकरू लागली. शिकारी ती मारत. मेलेलं जनावर वेळेत पुरलं गेलं नाही, तर घारी-गरुड त्यावर उतरत आणि गोळीतल्या शिशाचे कण त्यांच्या पोटात जात. अनुजाचं संशोधन त्याच पक्ष्यांवर. शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरा, असं ती शिकाऱ्यांना घरोघर जाऊन सांगायची. बहुतेकांनी तोंड वाकडं केलं. सातो-सान तयार झाले.

सातो-सान बहात्तर वर्षांचे. तारुण्य मालवाहू जहाजांवर गेलेलं, त्यामुळे मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. बायको त्सुनामीत गेली. तिने घरी आणलेलं पिल्लू तेवढं वाचलं. शिकारी जातीची कुत्री, नाव हारु. हे नावही बायकोनेच ठेवलेलं. सातो-सान मला 'सुभेदार-सान' म्हणत, म्हणजे सुभेदारसाहेब. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

ऑक्टोबरात आम्ही रायफल झिरो करायला, म्हणजे साइट नव्या गोळीशी जुळवायला, रेंजवर गेलो. वेळ सकाळी नऊ. तिथला कायदा कडक. परवाना ज्याचा, त्यानेच हत्याराला हात लावायचा. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तांब्याच्या पहिल्या तीन गोळ्या तीन दिशांना गेल्या.

"आधी बॅरल साफ करा," मी म्हणालो. "जुन्या गोळ्यांचा थर आत आहे."

त्यांनी तासभर घासून बॅरल साफ केलं. शिशाच्या गोळ्यांवर बसवलेली साइट तांब्याला चालेना, म्हणून ती हलवायला लावली. मग शंभर मीटरवर तीन राउंड. पाचशे येनच्या एका नाण्याखाली तिन्ही भोकं झाकली.

"झिरो ओके," मी म्हणालो. सातो-सान कमरेत वाकले. मला नोकरीवर परत रुजू झाल्यासारखं वाटलं.

त्या सकाळी अनुजाने त्यांच्यासाठी जपानीत लिहिलेला एक कागद माझ्याकडे दिला होता. देताना म्हणाली, "बाबा, हे त्यांना नक्की द्या. तांबं शिशापेक्षा कडक असतं, गोळीला वेग असेल तरच टोक आत फुलासारखं उमलून मोठी जखम करतं, नाहीतर गोळी बारीक भोक पाडून निघून जाते. त्यांच्या रायफलचं बॅरल आखूड आहे, गोळीमागची दारूही कमी. दीडशे मीटरच्या पुढे मारू नका म्हणावं. आणि पाण्याच्या कॅनवर वेगवेगळ्या अंतरांवरून मारून बघा, गोळी उमलते का ते. तुम्ही नुसता नेम बघाल."

नेमकं तेच मी केलं. तिन्ही भोकांचं ग्रुपिंग पाहिल्यावर कागद खिशातच राहिला. फौजेत गोळी उमलायची नसतेच, सरळ आरपार जायची. आम्ही वर्षानुवर्षं टार्गेटवरची भोकं मोजली. पोरीने मला रायफल शिकवावी, हेही मनाला लागलं होतं.

नोव्हेंबरात सीझन उघडला. सकाळी साडेसात. सातो-सान पोटावर आडवे, शेजारी मी दुर्बीण घेऊन, मागे हारु झाडाला बांधलेली. समोरच्या उतारावर एक मोठा नर बाहेर आला.

"रेंज?"

"टू फोर झिरो."

ते थांबले. "फार होईल?"

"होल्ड हाय. दीड वीत. मारा."

गोळी खांद्यामागे लागली, मी म्हणालो होतो तिथेच. डुक्कर दचकलं आणि ठेंगण्या बांबूच्या दाट रानात शिरलं. "हिट," मी म्हणालो. नोकरीत इतका चांगला कॉल मी क्वचितच दिला असेल.

पंधरा मिनिटं थांबून आम्ही उतारावर पोहोचलो. रक्ताचे चारच थेंब होते. एवढं कमी रक्त म्हणजे गोळी उमलली नसावी, मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. सातो-सानांनी हारुला माग काढायला सोडलं. आत दोनदा भुंकणं ऐकू आलं, मग एक किंकाळी. आम्ही धावलो. डुक्कर उभंच होतं. सातो-सानांनी दहा पावलांवरून दुसरी गोळी घातली, ते जागीच कोसळलं. हारुचं पोट सुळ्याने फाटलं होतं. सातो-सानांनी जॅकेट काढून तिला गुंडाळलं. आठ वाजून वीस मिनिटांनी ती गेली.

डुकराच्या अंगावर दोन जखमा होत्या. दुसऱ्या गोळीने पलीकडे मुठीएवढं भगदाड पाडलं होतं. पहिली पेन्सिलीएवढी आत आणि पेन्सिलीएवढीच बाहेर. गोळ्या एकाच डब्यातल्या.

संध्याकाळी अनुजाने विचारलं, "कागद दिला होता ना?"

"हो," मी म्हणालो.

आठवड्याने तिच्याकडूनच कळलं की सातो-सान परवाना परत करणार आहेत. म्हणाले होते, हात म्हातारा झाला, नेम चुकला. जगातला सगळ्यात बरोबर लागलेला नेम, आणि ते त्याचा दोष स्वतःवर घेत होते. रात्री मी अनुजाला खरं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "उद्या तुम्ही स्वतः जा," एवढंच म्हणाली.

मी गेलो आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"कधीचा?"

"रेंजच्या दिवसाचा. नेम तुमचा चुकला नाही. चूक माझी."

ते उठले. देवघरात बायकोच्या फोटोपाशी हारुचा पट्टा होता, त्याखाली कागद ठेवला. मला चहा दिला. निरोप घेताना 'सुभेदार-सान' म्हणाले नाहीत, त्यानंतरही कधी नाही.

परवाना त्यांनी ठेवला. पुढच्या ऑक्टोबरात रेंजवर बोलावलं, तेव्हा पाण्याचे कॅन आधीच मांडलेले होते. शंभरावरचा कॅन फुटून उडाला. अडीचशेवरचा जागीच राहिला, त्यातून पाण्याची बारीक धार लागली. त्यांनी मला जवळ बोलावून ती धार दाखवली. आम्ही दोघं कॅन रिकामा होईपर्यंत तिथे उभे होतो.

हारु त्यांच्या परसात पर्सिमनच्या झाडाखाली आहे. गेलो की मी तिथे सावधानमध्ये उभा राहतो. अठ्ठावीस वर्षांत माझ्या 'ओके'वर विसंबून एकही जवान गेला नाही. निवृत्तीनंतर एक गेली. नाव हारु, वय सहा वर्षं.