कॉलरला आलेला वास

तुमच्या अंगातल्या शर्टाच्या खिशात आत्ता काय काय आहे, सांगता? खिशात हात न घालता. नाही ना येत सांगता? तुमच्या लाँड्रीवालीला येतं.

चौकातल्या लाँड्रीच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला अख्खी गल्ली जासूसवहिनी म्हणते. तोंडावर नाही, माघारी. वीस वर्षं झाली, लोकांचे कपडे झटकायचे, खिसे उलटे करायचे, डाग उजेडाला धरून बघायचे, हाच तिचा धंदा. कोणाची नोकरी गेलीय आणि घरी अजून पत्ता नाही, कोण सिगारेट सोडली म्हणून छाती फुगवतो आणि जिन्यात ओढतो, सगळं तिला कॉलर हुंगून कळतं. पण पोटात गेलेली गोष्ट तिच्या ओठांवर येत नाही.

अशा बाईच्या नवऱ्याने तिच्यापासूनच काही लपवायला जावं, याला काय म्हणायचं?

नवरा गाड्या रंगवणारा. सव्वीस वर्षं गॅरेजात स्प्रे गन चालवली, तोंडाला नुसता रुमाल बांधून. फुफ्फुसांची पार चाळण झाली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि सांगितलं, "हा वास पुन्हा छातीत गेला, तर पुढे ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर घेऊनच हिंडावं लागेल." त्याच दिवशी त्याने बायकोला शब्द दिला. गॅरेजच्या शटरच्या आत पाऊल टाकणार नाही.

आणि एका मंगळवारी त्याच्या कॉलरला थिनरचा वास आला.

तिने शर्ट तीनदा हुंगला. खोटं बोलायला माणूस शिकतो, शर्ट शिकत नाही.

"कुठे जाऊन आलात?"

"वाचनालयात."

"काय वाचलंत?"

"पेपर."

"कोणता?"

"सगळेच थोडे थोडे."

आणखी विचारलं असतं तर तो सावध झाला असता. म्हणून त्या दिवसापासून तिने घरातल्या वस्तू मोजायला घेतल्या. भुवया कोरायचा चिमटा गायब. नखं घासायची पट्टी गायब. सुयांच्या डबीतली सर्वांत बारीक सुई गायब.

लाँड्रीत इस्त्री करणारी तिची नणंद खदाखदा हसली. "वहिनी, चिमटा न्‌ नखांची पट्टी? अगं, दादाने कोणीतरी गाठलीय. आता लिपस्टिक मोजून ठेव."

"गाठली असती तर अंगाला अत्तराचा वास आला असता. हा थिनरचा आहे."

"मग रंगवणारीच गाठली असेल!"

"तू कॉलर जाळतेयस, खाली बघ."

तिने हसण्यावारी नेलं. पण बाई असती तर बरी, तिच्याशी भांडता तरी आलं असतं. वासाशी भांडायचं कसं?

बुधवारी त्याच्या पँटच्या खिशात मुद्देमाल सापडला. प्लॅस्टिकचा चपटा तुकडा, आगपेटीपेक्षा जरा मोठा, वर दुधी हिरवा रंग. रंगाखालचं प्लॅस्टिक दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलेलं. नाकाशी नेला. थिनर. हे काय असावं? वीस वर्षांच्या खिशांत असलं काही निघालेलं तिला आठवेना. तुकडा बघताना नणंदेने इस्त्री उभी ठेवली म्हणून बरं, नाहीतर नवी चादर गेली असती. "वहिनी, हल्ली लोक काय काय जाळून नाकात ओढतात म्हणे," ती कुजबुजली. या वेळी दोघीही हसल्या नाहीत.

गुरुवारी दुपारी तो 'वाचनालयात' निघाला. काउंटर नणंदेच्या हवाली करून ही मागे. दोन गल्ल्या, एक पूल, टायरवाल्याचं दुकान. वाचनालय डावीकडे, तो वळला उजवीकडे. गॅरेज.

पण तो आत गेलाच नाही. शटरच्या उंबरठ्याबाहेर, फूटपाथच्या कडेला उभा राहिला आणि दोन्ही हात हवेत हलवायला लागला. वर, खाली, सावकाश, मागे घे, पुन्हा. आत त्याचा जुना जोडीदार, गन हातातून सुटत नाही म्हणून ज्याला सगळे पिस्तूल म्हणतात तो, एका बाटलीच्या बुडाला चिकटवलेल्या कसल्याशा वस्तूवर फवारा मारत होता.

ती वस्तू मोटार होती. वीतभर. लांबलचक, मागे माशासारखे दोन पंख काढलेली, जुनी अमेरिकन मोटार.

"झालं वाचून?" ती मागून म्हणाली.

त्याचे हात हवेतच राहिले. मग त्याने काय केलं असेल? खाली बोट दाखवलं. "आधी पाय बघ माझे. उंबरठ्याच्या आत आहेत का? दिलेला शब्द पाळलाय मी."

"पायांनी श्वास घेता का तुम्ही? आणि वासाला उंबरठा कळतो होय?"

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि खोकलाच आला.

मग पिस्तुलानेच सगळं सांगितलं. तरुणपणी या दोघांनी उस्तादाच्या हाताखाली अशीच एक खरी मोटार रंगवली होती, खाली दुधी हिरवी, वर साय रंगाची. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. तशीच गाडी खोक्यात सुट्ट्या भागांनी मिळते, हे खेळण्यांच्या दुकानात दिसलं आणि गड्याचा जीव अडकला. नव्वदएक भाग, नखांच्या पट्टीने कडा घासून, चिमट्याने उचलून, सुईच्या टोकाने गोंद लावून जोडायचे. खोका पिस्तुलाच्या घरी. पण सव्वीस वर्षं पत्रा रंगवलेला हात! गॅरेजातला रंग प्लॅस्टिकवर मारला आणि थिनरने बॉनेट खाऊन टाकलं.

"म्हणून या खेपेला आधी अस्तराचा हात दिलाय," पिस्तूल म्हणाला, आणि खोकला.

तिने मान वळवली. कोरडा, आखूड, शेवटी शिट्टी वाजणारा. हा खोकला तिच्या ओळखीचा होता. नवऱ्याला तो सुरू झाला तेव्हा असाच होता, अगदी पहिल्या वर्षी. पिस्तुलाच्या तोंडाला रुमाल होता. नुसता रुमाल.

आता तिचा संशय नवऱ्यावरून उठला आणि योग्य जागी जाऊन बसला. ती तडक मालकाच्या केबिनमध्ये शिरली.

"मास्क?"

"आहे ना, ताई," मालक गोड हसला. भिंतीवरच्या खिळ्याला रबरी मास्क टांगलेला होता. "आम्ही देतो. हे लोकच घालत नाहीत. रोज सांगून थकलो."

तिने मास्क खिळ्यावरून काढला आणि आतून हुंगला. एकदा, दोनदा. मालकाचं हसू गोठलं.

"घाम नाही. लाळ नाही. थिनर नाही. नुसतं रबर न्‌ धूळ. हा मास्क कोणी कधी तोंडाला लावलेलाच नाही, साहेब. लोकांच्या अंगावरून उतरलेले कपडे हुंगून पोट भरते मी. मला शिकवता?" दोन्ही बाजूंच्या फिल्टरची पाकिटं अजून सीलबंद, मागच्या दोऱ्याला लटकत होती. तिने मास्क पिशवीत टाकला. "हा कामगार कचेरीत जाईल. पुरावा म्हणून."

गेलाही. तीन खेटे पडले, साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत. चौथ्या खेपेला बाई दारातच बसली. महिन्याभराने गॅरेजात चार मास्क आले आणि हवा बाहेर खेचणारा पंखा बसला. मालक अजून तिच्याकडे कपडे टाकत नाही. तिचं काही अडत नाही.

मोटार घरी आली. पाण्यात कालवायच्या रंगाने, ब्रशने, उघड्या खिडकीशी पुरी झाली. टपावर ब्रशचे ओरखडे दिसतात, त्यावरून तो अजून कुरकुरतो. नवं बॉनेट मिळालं नाही, तेव्हा तेच सुरकुतलेलं बसवलंय. गाडी लाँड्रीच्या काउंटरवर असते. कोणी विचारलं की नणंद सांगते, "अपघाताची केस आहे." संध्याकाळी घरी गेलं की ती अजूनही आधी त्याची कॉलर हुंगते. तो मान पुढे करतो.

आता तुमचं काम. गाडी रंगवायला टाकाल, तेव्हा चकाकी नंतर बघा. आधी खिळ्यावरचा मास्क मागून घ्या आणि हुंगा. माणसाचा वास आला नाही, तर किल्ली परत मागा.