गुडघेबाईंचा शब्द

दुकानात शिरल्यावर गुडघेबाई आधी भाव विचारत नसत. नी-पॅडची जोडी मागून घेत, सलवारीवरूनच ती चढवत, ओढणी कमरेला खोचत आणि काउंटरसमोरच्या फरशीवर धाडकन गुडघ्यांवर पडत. बीडमधल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले, तेव्हा मालकाचे म्हातारे वडील आतून धावत आले. बाईला चक्कर आली असं त्यांना वाटलं. मालक म्हणाला, बाई, फरशी फुटेल. बाई उठल्या, गुडघे चाचपले आणि म्हणाल्या, "फरशी नवी बसवता येते. ही जोडी ठेवा, दुसरी दाखवा." पहिल्या जोडीतला स्पंज एका पडण्यातच बाजूला सरकला होता. चौथी जोडी त्यांना पसंत पडली. ती त्यांनी नीट घडी करून मालकाला परत दिली, कारण आम्हाला मंजुरी फक्त जाळ्याची आणि एका व्हॉलीबॉलची होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, घ्यायचंच नव्हतं तर एवढा खटाटोप कशाला? "मंजुरी आली की कुठली घ्यायची हे आधीच ठरलेलं बरं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर ऐनवेळी कुणीतरी कायतरी गळ्यात मारतं."

मी गणित शिकवते. म्हणून शाळेच्या खरेदी समितीवर माझं नाव कायमचं. मांजरसुंब्याच्या चौकातून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या आमच्या शाळेत या बाई तासिका तत्त्वावर मुलींना खेळ शिकवायला आल्या. मुलांना शिकवणारे सर आधीपासून होते, कायम नोकरीत. बाई परळीकडच्या. विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या. सिमेंटच्या मैदानावर पडून डावा गुडघा गेला, त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि खेळणं थांबलं. तरी दुकानात पडायचं त्या सोडत नसत. मी एकदा म्हटलं, तो शिवलेला गुडघा आहे, जरा जपा. त्यावर त्यांचं म्हणणं असं की दुखऱ्या गुडघ्यालाच खरं कळतं, चांगला गुडघा खोटं बोलतो.

खेळायला नवी मुलगी आली की तिचं नाव विचारायच्या आधी बाई म्हणत, "सलवार वर कर. गुडघा दाखव." खरचटलेलं असेल तर स्वतः धुऊन औषध लावत आणि दोन दिवस मैदानाबाहेर बसवत. पोरींनी मागून नाव पाडलं, गुडघेबाई. स्टाफरूममध्येही तेच सुरू झालं. एक दिवस सामानाच्या खोलीच्या दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'गुडघेबाईंना विचारल्याशिवाय सामानाला हात लावू नये.' अक्षर बाईंचं होतं. त्यानंतर ते नाव पाठीमागून घेण्यात कुणाला मजा राहिली नाही.

आमच्याकडे एक जुनी चाल होती. मुलांच्या बॉलची कातडी निघायला लागली की तो मुलींकडे यायचा. बाईंकडेही आला. त्यांनी त्यात हवा भरली, दोनदा वर उडवून पाहिला. एका अंगानं फुगलेला तो बॉल सरळ खाली येत नव्हता. मधल्या सुट्टीत सर डबा खात असताना बाईंनी तो त्यांच्या टेबलावर, चटणीच्या शेजारी, ठेवला. सर म्हणाले, पोरींच्या मनगटाला मऊच बरा असतो. "मऊ न्हाई सर, मेलेला हाय," बाई म्हणाल्या. "आठ दिवस तुमच्या पोरांनी याच्यावर खेळावं. त्यांना जमलं तर माझ्या पोरी खेळतील." सरांनी डबा अर्ध्यावर बंद केला. शेवटी नवा बॉल आला आणि तो एक दिवस मुलांना, एक दिवस मुलींना असं वेळापत्रक मला करून द्यावं लागलं. आजवर केलेल्या वेळापत्रकांत सर्वांत जास्त शिव्या मला त्याच्यासाठी मिळाल्या.

मैदानावरचे खांब लोखंडी, उघडे. बाईंनी कुठून तरी दोन जुन्या गोधड्या आणल्या, खांबांना गुंडाळल्या आणि सुतळीनं आवळल्या. दहावीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, खांबाला थंडी वाजती काय?" बाई गाठ मारता मारता म्हणाल्या, "तुझं डोकं आपटलं की कळंल कुणाला वाजती." तपासणीला साहेब येणार म्हणून मुख्याध्यापकांनी त्या गोधड्या काढायला सांगितल्या. शाळेची शोभा जाते म्हणे. बाईंनी एवढंच विचारलं, की साहेब खेळणार आहेत का. गोधड्या राहिल्या.

मग तालुक्याची स्पर्धा आली. आमच्या पोरी जिंकल्या, पण मुरमाच्या मैदानावर शीतलचा गुडघा फुटला. शीतल नववीतली, मागच्या ओळीत खेळणारी, कुणी सोडून दिलेला बॉल जमिनीवर झेपावून उचलणारी. सहा टाके पडले. चौथ्या दिवशी तिची आई, चंद्रकलाबाई, शाळेत आली. ती मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर भाकरी थापते. मुख्याध्यापकांना नमस्कार न करता ती थेट मैदानावर गेली. मागोमाग आणखी तीन-चार मुलींच्या आया होत्या.

"माझी लेक न्हाई येणार आता," ती म्हणाली. "मी दिसभर तव्यापुढं बसते. गुडघा काय असतो मला ठावं हाय. पोरीचा आत्ताच गेला तर पुढं ती कशाच्या जिवावर उठंल, बसंल?"

बाईंनी खेळाचे फायदे सांगितले नाहीत. जिल्ह्याचं नाव, शाळेचं नाव, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलताय ताई तुमी. आजपासून गुडघ्याला गादी असल्याबिगर एक पोरगी सामन्याला उतरणार न्हाई. न्हाई मिळाली तर संघ मीच मागं घेते. हा माझा शब्द."

त्या शब्दावर आयांनी पोरी ठेवल्या. शीतलच्या आईनंही तिला ठेवलं, टाके निघाल्यावर. जिल्हा स्पर्धेला महिना होता, आणि मंजुरीच्या कागदावर मी नी-पॅडच्या बारा जोड्या लिहून दुकानातल्या चौथ्या जोडीचं नाव, माप सगळं टाकलं होतं.

मंजुरी आली नाही. उलट संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की विजयी मुलींचा सत्कार होईल आणि खेळाचं साहित्य ते स्वतःकडून भेट देतील. त्यांना गावात सगळे तात्या म्हणतात. माणूस दिलदार, पण देताना फोटोग्राफर लागतो. सत्काराच्या आदल्या दिवशी खोकं आलं. बाईंनी उघडलं, एक नग बाहेर काढला, ताणून पाहिला आणि माझ्याकडे दिला. आत स्पंज नव्हताच. गुडघेदुखीच्या पेशंटला डॉक्टर घालायला सांगतात ती ताणाची नी-कॅप होती, पातळ, अंगाच्या रंगाची. तात्यांच्या पुतण्याचं मेडिकल आहे. 'गुडघ्याचं' सांगितल्यावर त्यानं जे होतं ते दिलं. त्यात त्याचा कावा नव्हता. अख्ख्या गावात गुडघ्याचं सामान म्हणजे तेच.

मुख्याध्यापक म्हणाले, बाई, धर्माची गाय आणि तिचे दात काय बघता?

"तिला चरायचं असतं सर," बाई म्हणाल्या. "बिनदाताची घेऊन मी काय करू?"

मी मध्ये पडले. सत्कार होऊ द्या, नंतर बदलून घेऊ, असं सुचवलं. मला व्यवहार्य वाटलं ते मी बोलले. बाईंनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

सत्काराला मांडव घातला होता, पुढं जेवण होतं, त्यामुळे गर्दी चांगली. पुढच्या सतरंजीवर पोरींच्या आज्या बसलेल्या. तात्यांनी भाषण केलं आणि भेट स्वीकारायला बाईंना बोलावलं. बाईंनी खोकं घेतलं, फोटो काढू दिला, आणि मग माइक हातात घेतला.

"तात्यांनी गुडघेदुखीच्या कॅपा दिल्यात," त्या म्हणाल्या. "चांगल्या हायत. पण माझ्या पोरींचे गुडघे दुखत न्हाईत, फुटतात. त्याला गादी लागती. ज्यांचे दुखतात त्या आज्यांनी पुढं यावं. तात्यांच्या हातानंच देऊ."

आज्या पदर सावरत एकमेकींकडे बघू लागल्या. मग शीतलची आजी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "कावून लाजायचं? माझे तर दोन्ही दुखतेत." मागून बाकीच्या निघाल्या. तात्या हसत हसत वाटत राहिले. दुसरं करणार काय? आज्या त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. एवढे आशीर्वाद त्यांना निवडणुकीतही मिळाले नसतील. फोटो सुंदर आले. रात्री मात्र मुख्याध्यापकांना फोन गेला: संस्था आता एक रुपयाचंही सामान देणार नाही. जिल्ह्याला जायचं तर आहे तसं जा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलींना सांगितलं, आपण जाणार नाही.

मला वाटलं होतं पोरी त्यांची बाजू घेतील. पोरी भडकल्या. महिनाभर पहाटे उठून सराव केलेला, आणि बाईंनी मांडवात टाळ्या घेऊन सगळं घालवलं, असं त्या तोंडावर बोलल्या. शीतल सगळ्यांत पुढं. "माझा गुडघा हाय बाई. फुटला तर माझा फुटंल. तुमचं काय जातंय?"

"गुडघा तुझा," बाई म्हणाल्या. "शब्द माझा. तो मी तुझ्या आईला दिलाय. मोडायचा असंल तर तिनं सांगावं."

शीतल रडत, पाय आपटत धाब्यावर गेली. आईनं शब्द परत द्यावा म्हणून ती भांडली असणार. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण संध्याकाळी चंद्रकलाबाई माझ्या घरी आली, हाताला पीठ तसंच. तिनं शब्द परत दिला नव्हता. बचत गटाच्या बायकांकडून पॅडचे पैसे गोळा करून ती आली होती, आणि तिला एवढंच हवं होतं की बाईंना घेऊन मी दुसऱ्या दिवशी बीडला चलावं.

त्या दुकानात चंद्रकलाबाईनं चौथ्या क्रमांकाची जोडी हातात घेतली, उलटी केली, शिवण ओढून पाहिली आणि मालकाला विचारलं, "रातीला धुतली तर सकाळच्याला वाळंल का?" मालकाला सांगता येईना. बाईंनाही. इतकी वर्षं खेळून आणि शिकवून त्यांनी तो विचार केलेला नव्हता. ती जोडी फार जाड आहे, हिवाळ्यात वाळायची नाही, पोरी ओलीच घालतील आणि मांड्या सोलवटतील, असं चंद्रकलाबाईचं म्हणणं पडलं. तिनं बारीक जाळीच्या कापडाची दुसरी निवडली. बाई ती चढवून दोनदा पडल्या आणि म्हणाल्या, "ही चौथीहून चांगली हाय. मी हरले." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं.

जिल्ह्याला आम्ही उपांत्य फेरीत हरलो. एकाही पोरीला टाका पडला नाही.

जूनमध्ये बाईंना बोलावणं आलं नाही. तासिका तत्त्वावर असं कारण द्यावं लागत नाही, ही त्यातली सोय. त्या उरलेलं सामान मोजून माझ्या ताब्यात द्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, त्या दिवशी मांडवात थोडं गोड बोलला असतात तर आज इथेच असता.

"असते की," त्या म्हणाल्या. "पॅड नसते आले." चौकापर्यंत मी सोबत गेले. लातूरकडची बस आली, त्या चढल्या, खिडकीची जागा मिळाली. हात वगैरे हलवला नाही.

आमच्या शाळेत आता पद्धत आहे की मुलींचं खेळाचं सामान घ्यायच्या आधी दोन आया बघतात. चंद्रकलाबाईनं पालक सभेत ते उभं राहून मागितलं आणि मंजूर होईपर्यंत ती खाली बसली नाही. तात्या हल्ली भाषणात सांगतात की ही कल्पना त्यांची. आम्ही सांगू देतो.

गेल्या हिवाळ्यात एका निमंत्रितांच्या स्पर्धेत आमच्या समोर जो संघ आला, त्याच्या बाकावर गुडघेबाई बसल्या होत्या. शीतल दहावीत, आमची कप्तान. पोरींना वाटलं बाई जरा सांभाळून घेतील. बाईंना आमच्या प्रत्येकीचं कुठं कच्चं ते ठाऊक होतं, आणि त्यांच्या पोरींनी प्रत्येक बॉल बरोबर तिथेच टाकला. सरळ दोन सेटमध्ये हरलो. आमच्या पोरी रडायला लागल्या तशा बाई आमच्या बाजूला आल्या. मला वाटलं जवळ घेतील.

"उजव्या कोपऱ्यात उशिरा निघतीस," त्यांनी शीतलला सांगितलं. "दोन्ही सेटमध्ये. मी तिथंच टाकायला लावला." आणि आपल्या संघाकडे परत गेल्या.

शीतलनं बाहीनं तोंड पुसलं. "मॅडम, पुढच्या वर्षी या बाईला हरवायचंच."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी तू कॉलेजात असशील.

"मग धाकट्या हरवतील," ती म्हणाली. बॉलची पिशवी खांद्याला लावून ती सातवीतल्या पोरींना हाका मारत निघाली. उजव्या कोपऱ्यात कधी निघायचं ते तिला तिथल्या तिथं दाखवायचं होतं.