सहावी काही जुळेना

साऱ्या पुण्यात माझ्या हालचालींवर माझ्या बायकोपेक्षाही बारीक नजर ठेवणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे शनिवार पेठेत बरोब्बर आमच्या डोक्यावर राहणारे शेजारी. त्यांना नाव होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेत नसे. ते 'वरचे', आणि आम्ही त्यांचे 'खालचे'. भोसरीच्या एका कारखान्यात मापं घेण्याच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं काढली. देशाची दारं उघडली तसं त्या खोलीत परदेशातून एक अवाढव्य यंत्र आलं, आणि यंत्राला जागा हवी म्हणून माणसं बाहेर पडली. वरच्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते म्हणत. त्याच आठवड्यात जिन्यात मला अडवून म्हणाले, "मारुती गाडीएवढं धूड आहे हो ते! तेच काम मी काडेपेटीत बसवून दाखवतो." मी बँकेतला माणूस. म्हटलं, चार दिवसांचा राग आहे, उतरेल. कसला उतरतोय!

काम काय, तर एखादी वस्तू किती आणि कशी हलते ते तिला हात न लावता नुसत्या उजेडानं मोजायचं. वस्तूवर आरशाचे टिकलीएवढे तीन तुकडे चिकटवायचे, समोरून लेझरचा लाल किरण सोडायचा, आणि परत आलेले ठिपके कुठे सरकले ते पाहायचं. लेझर त्यांनी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणला. माझ्या मुलाचा नवाकोरा माउस "पाच मिनिटं बघतो" म्हणून वर नेला आणि आतला डोळा काढून परत केला, वर मुलालाच म्हणाले, "चेंडूवाला जुना माउस वापर, टिकतो." यंत्र आधी अख्ख्या जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. मग ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलं, तिथून कंपासपेटीत, आणि शेवटी खरोखरच काडेपेटीत मावलं. तोवर वरचे जमिनीवर बसून जेवायला शिकले होते.

"हलणं सहा प्रकारचं असतं, खालचे," ते मला समजावत. "पुढे-मागे एक, डावं-उजवं दोन, वर-खाली तीन. हे झालं सरकणं. आता वळणं. मान 'हो' म्हणते ती चौथी दिशा. 'नाही' म्हणते ती पाचवी. आणि आपण पुणेकर एका बाजूला कलवून 'बघू' म्हणतो ना, ती सहावी. झालं. ब्रह्मदेवाला सातवी सुचली नाही." या सहांपलीकडे त्यांना जगात काही दिसत नसे. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात टेबल डुगडुगलं की हे खिशातून मोजून घडी घातलेल्या कागदांच्या पट्ट्या काढून पायाखाली सारत. मालकानं एकदा विचारलं, "आपण चहा घेणार आहात की सुतारकाम?" हे शांतपणे म्हणाले, "आधी सुतारकाम. नाहीतर चहा बशीत घ्यावा लागेल." लग्न केलं नव्हतं. का, म्हणून माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, आमच्या खात्यात प्रत्येक मापाला थोडी सूट असते, तेवढ्यात बसलं तर पास. मी कुणाच्या सुटीत बसलो नाही." ती हसली. मीही हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता आठवत नाही.

रोज संध्याकाळी साडेसहाला आमच्या छतावर खलबत्त्यातल्या बत्त्याचे तीन ठोके पडत. छताचा एखादा पोपडा सुटून हमखास माझ्या चहात. ठोक्यांचा अर्थ ठरलेला होता: खुर्चीवर वजन हवंय. मी कुरकुरत वर जाई. एक लोखंडी खुर्ची, तिच्या पाठीला आरशाचे ते तीन तुकडे, समोर स्टुलावर काडेपेटी. मी बसलो की हे वही उघडत. "आज बँकेत काय झालं ते सांगा. बोलताना माणूस वेगळा हलतो, तेही मोजायला हवं." मग मी साहेबाच्या चहाड्या सांगे, हे मध्येच म्हणत, "हसलात. अकरा मायक्रॉन." मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चहा होई, आलं घातलेला. आणि निघताना रोज तेच: "पाच जुळल्या हो. सहावी काही जुळत नाही. उद्या बघू." उद्या, परवा, वर्षानुवर्षं. मी निवृत्त झालो तरी सहावी जुळेना.

मुलाचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. टीव्हीवर सामना अगदी रंगात आलेला, आणि छतावर ठोके. गेलो. बसलो. म्हटलं, "सावकाश घ्या, मला काही घाई नाही." त्यांनी काडेपेटीकडे पाहिलं. "घाई नाही म्हणता, आणि खुर्ची चाळीस मायक्रॉन थरथरतेय. जा, सामना बघा." चोरी पकडली गेली की माणूस चवताळतो. मी म्हणालो, "तुमच्या त्या सहाव्या दिशेसाठी मी काय जन्मभर या खुर्चीत बसू? जुळत नसेल तर द्या फेकून!" त्यांनी वही मिटली. मी तरातरा खाली आलो, तोवर सामनाही संपला होता.

दुसऱ्या दिवशी ठोके पडले नाहीत. तिसऱ्याही नाही. म्हटलं, पीडा टळली. चहा स्वच्छ मिळू लागला. आपणहून वर जायला मला अभिमान आडवा येत होता, आणि 'या' म्हणून बोलवायचं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. असे आठ महिने गेले.

दिवाळीत आमची सून फराळाचं ताट घेऊन वर गेली. ती वर्ध्याची, हिंजवडीत मोजमापाचीच सॉफ्टवेअरं लिहिते. तासाभरानं ती खाली आली. म्हणाली, "बाबा, काकांचं ते यंत्र एकदम बरोबर आहे न. आमची कंपनी असं बाहेरून मागवते. सहाच्या सहा दिशा जुळतात."

"सहावी जुळत नाही," मी म्हटलं.

"जुळते न! ते चहा करायला आत गेले तेव्हा मी वही पाहिली. नऊ वर्षांपूर्वी, यांच्या बारावीच्या वर्षी, लिहिलंय, 'आज सहाही जुळल्या.' त्याच्या पुढे रोज नुसतं 'खालचे आले. यंत्र ठीक.' पानंच्या पानं." तिनं रिकामं ताट ओट्यावर ठेवलं. "आणि यंदाच्या मार्चपासून दुसरंच आहे. 'खुर्ची रिकामी. शून्य.' रोज. मध्येच एखाद्या दिवशी, 'खुर्ची रिकामी. रस्त्यानं बस गेली, तेव्हा दोन मायक्रॉन.'"

मला माझी लाज वाटली. नऊ वर्षं त्या माणसानं स्वतःच्या अचूक यंत्राला माझ्यापुढे चुकीचं ठरवलं, आणि मी त्याला ते फेकून द्यायला सांगून आलो होतो.

तसाच वर गेलो. दार उघडंच होतं. वरचे चकलीचा तुकडा हातात धरून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "वजन नकोय हल्ली." मी खुर्चीत जाऊन बसलो. स्टुलावर वही उघडी पडली होती. त्यांनी ती हळूच मिटली. मला ठाऊक झालंय हे त्यांना कळलं असणार. काडेपेटीत दिसलंच असेल.

"सहावी जुळली का हो?" मी विचारलं.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "नाही हो. तेवढी काही जुळत नाही."

"मग उद्या येऊ?"

त्यांनी मान किंचित एका बाजूला कलवली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तीन ठोके पडले आणि पोपडा थेट माझ्या कपात आला. बायको दुसरा चहा टाकायला उठली. मी तोच पिऊन टाकला आणि वर गेलो. पुढे ते होते तोवर, तीन वर्षं, रोज गेलो. शेवटपर्यंत ती सहावी काही आम्ही जुळू दिली नाही.