डाव्या अंगाचा खटका

आमच्या तंबूत पोलिसांचा चित्रपट लागला की जमादारांना पुढच्या सतरंजीवर बसवायचं आणि तिकीट विचारायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता. नायकाने खिशातून हत्यार काढलं रे काढलं की जमादारांचा आवाज यायचा, "लाकडाचं हाय." सगळा तंबू हसायचा. हत्यार खरं असलं तर मात्र ते लगेच बोलत नसत. पुढे वाकून, डोळे बारीक करून पाहत आणि मग सांगत, "खरं हाय. वेब्ली. पोलिसातलं जुनं." मग लोक पडद्यावरच्या त्या फौजदाराला जरा वचकून असत.

मी त्या टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर. साल छप्पनच्या पुढची ती आठ-नऊ वर्षं. कळंबचा मुक्काम आटोपला की आमचे तंबू, इंजिन आणि डबे बैलगाड्यांवर लादून आम्ही मुकुटबनला यायचो. कापूस वेचून झालेला असायचा, लोक मोकळे असायचे. जमादार मुकुटबनचेच. अंगाने काटकुळे, मिशा पांढऱ्या, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. मागे एका पोलीस लायनीत त्यांच्याकडे हत्यारं दुरुस्त करायचं काम होतं. बंदुकीचे बार काढून काढून एक कान गेलेला, त्यामुळे ते बोलायचे ते सगळ्या तंबूला ऐकू जायचं.

मला तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच भाव खातो. एक दिवस मी हटकलंच. म्हटलं, "जमादार, एवढ्या दुरून तुम्हाला काय कळतं?"

"मनगटाकडे पाय ना लेका," ते म्हणाले. "खऱ्याले वजन असते. हात जराक खाली येते. लाकडाचं असलं का माणूस त्याले उलथन्यावानी नाचवते."

"आणि वेब्ली कशावरून?"

"पयले डावी बाजू पाय. ते मधातून मोडते, गोळ्या भराले. मोडाचा खटका डाव्या अंगाले, आंगठ्याखाली. खटका दिसला का समज वेब्ली. डाव्या अंगाले खटका नसन, तर बाकी काही पाहू नोको."

हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. चहा पिताना सांगायचे, इंजिनात तेल घालताना सांगायचे. डोकं उठवलं होतं माझं.

त्यांच्या या नादाला एक कारण होतं आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. छप्पन साली आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, तेव्हा कारभार नव्या साहेबांच्या हाती देताना त्यांच्या लायनीतली हत्यारं मोजली गेली. एक रिव्हॉल्व्हर कमी भरलं. किल्ली जमादारांकडे. चौकशी झाली, काही सापडलं नाही, पण जमादारांना घरी बसवलं. त्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीची डावी फळी फुटली होती, म्हणून जमादारांनी स्वतः शिसवीची फळी घासून बसवली होती. पटाशी घसरून तिच्या बुडाशी तांदळाएवढा टवका उडाला होता. "सिनेमावाले खरी हत्यारं कुठून आणत असतीन?" ते मला विचारायचे. "जुनी-पुरानी जमवतच असतीन ना? मंग माही बी कदी दिसन." म्हणून ते प्रत्येक चित्रपटाला यायचे. हे कळल्यावर मी त्यांची थट्टा करणं सोडलं.

गावाने मात्र सोडलं नव्हतं. शेजारच्या बंजारा तांड्याचे नाईक तर तोंडावर बोलायचे. नाईकांच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, आता स्वतःच्या शेतात कापसाची पऱ्हाटी होती, आणि जीभ धारदार. जमादार आत शिरले की नाईक म्हणायचे, "काहून जमादार, इकलेलं रिवालवर पाहाले आले का?" जमादार ऐकू न आल्यासारखं करून आपली जागा धरायचे. त्यांचा नाईकांकडचा कान चांगला होता.

मग एका वर्षी तो चित्रपट आला. प्रत इतकी झिजलेली, की दुपारी रीळ गुंडाळतानाच दोन ठिकाणी तुटली. मधला हातभर तुकडा सुटा झाला. मी घाईघाईने खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडला आणि जेवायला गेलो. संध्याकाळी तो भाग आला. साहेबाच्या टेबलावर फायलीशेजारी जप्त केलेलं रिव्हॉल्व्हर पडलेलं, पडदाभर मोठं. तेवढ्यापुरता आवाज गेला आणि नुसती घरघर आली. मी यंत्राला शिव्या देत होतो, तेवढ्यात पुढे जमादार उभे राहिले.

"माहं हाय," ते म्हणाले. "हे माहं हाय. पाहा, डाव्या अंगाले शिसवीची फळी. बुडाशी टवका. सरकारी हाय ते, म्या बसवली ते फळी."

कोणी हसलं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार धुतलेला शर्ट घालून माझ्याकडे आले. माझं अक्षर बरं, म्हणून वरच्या साहेबाला अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. चित्रपटाचं नाव, कितवं रीळ, फळीची खूण, सगळं. त्यांनी खाली सही केली. "सहा वर्सं झाली," ते म्हणाले. "माह्या पोरीच्या सासरी मले पान्याचं इचारत नाही कोणी." अर्ज घडी करून खिशात घातला. टपाल तिसऱ्या प्रहरी निघायचं.

ते गेल्यावर मी घरघरीचं काय ते पाहावं म्हणून रीळ काढलं आणि तो तुकडा उन्हाकडे धरला. आवाजाची बारीक पट्टी फिल्मच्या एका काठाने येत होती आणि त्या हातभर तुकड्यात दुसऱ्या काठाला गेली होती. टेबलावरच्या फायलीवरची अक्षरं उलटी होती. मी तुकडा पालथा जोडला होता. पडद्यावर डावं दिसलं ते मुळात उजवं होतं.

खरं सांगतो, माझ्या मनात दुसरंच आलं. तुकडा गुपचूप कापून फेकला असता, तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. अर्ज गेला असता, चौकशी लागली असती, निदान चार दिवस म्हाताऱ्याला सुख. पण पुढे कुठल्या तरी साहेबाने दुसऱ्या प्रतीत सरळ चित्र पाहिलं असतं, आणि जमादार दुसऱ्यांदा खोटे ठरले असते. ते माझ्याने बघवलं नसतं. मी फिल्म घेऊन टपालाच्या वाटेवर गेलो.

जमादार बाभळीखाली टपालाची वाट बघत बसले होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, तुकडा उन्हात धरला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मला वाटलं, आता माझ्या कानाखाली बसते.

"खटका कुठी हाय?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, स्वतःलाच. "काल म्या डावी बाजू पाह्यली. फळी पाह्यली, टवका पाह्यला. खटका पाह्यलाच नाही. डाव्या अंगाले खटका नव्हता, अन् मले दिसलं नाही."

"चूक माझी आहे, जमादार."

"तुही जोडाची. पाहाची माही." त्यांनी खिशातून अर्ज काढला, फाडला आणि तुकडे पुन्हा खिशातच ठेवले. रस्त्यावर कागद टाकायची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाले, "आज तुकडा सुलटा लाव. अन् खेळ बंद नोको ठेवू, लोकाईले पाहू दे."

त्या संध्याकाळी तंबू भरून गेला होता. जमादारांचं रिव्हॉल्व्हर बघायला तांड्यावरून, झरीकडच्या जंगलातल्या वस्त्यांवरून माणसं आली होती. मी तुकडा नीट जोडला होता. आवाज स्वच्छ आला, फायलीवरची अक्षरं वाचता आली. जमादार उठले, पडद्याकडे पाठ करून लोकांसमोर उभे राहिले. अर्धं चित्र त्यांच्या शर्टावर पडलं होतं.

"काल म्या सांगतलं ते चुकीचं होतं," ते म्हणाले. "फळी उजव्या अंगाले हाय. हे माहं नाही. माहं अजून सापडाचं हाय." आणि खाली बसले.

मी मशिनीच्या भोकातून बघत होतो. आता नाईक काय बोलतात याची मला धास्ती होती.  नाईक शेजारच्याला म्हणाले, माझ्यापर्यंत येईल एवढ्याने, "ज्यानं इकलं असतं त्यानं कालचंच धरून ठेवलं असतं बाप्पा." आणि सतरंजीवर सरकून, हाताने जागा झटकून मोठ्याने म्हणाले, "जमादार, तिकडं कायले बसले? इकडं या, माह्याजवळ." जमादार गेले. रडत होते का, ते मला दिसलं नाही. मी रडत होतो, म्हणून दुसरं रीळ लावायला उशीर झाला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

त्यानंतर दोन हंगाम ते नाईकांशेजारी बसले. त्यांचं रिव्हॉल्व्हर काही पडद्यावर आलं नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही मुकुटबनला तंबू ठोकला तेव्हा कळलं, जमादार पावसाळ्यात गेले. मला फार वाईट वाटलं. एवढा हुशार माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पहिल्याच संध्याकाळी पोलिसांचा चित्रपट होता. नाईक आले आणि शेजारी एका माणसाची जागा रिकामी ठेवून बसले. कोणी तिथे टेकायला लागलं की हाताने बाजूला करत होते. नायकाने खिशातून हत्यार काढलं. सवयीने सगळा तंबू थांबला. मीही कान लावून उभा होतो.

"लाकडाचं हाय," नाईक म्हणाले.

कोणी हसलं नाही.