निळे काकांची कार्डं

निळे काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं स्वच्छ असलेली मी कधी पाहिली नाहीत. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, पण एक डाग जाईपर्यंत दुसरा हजर. खरं आडनाव बोरस्ते, पण गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत ते कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. एकदा सोसायटीच्या नोटिशीवर 'श्री. निळे' असं छापून आलं, तर काकांनी खुशाल त्यापुढे सही ठोकली.

पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून उभी हयात गेलेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात, हे शाईला लागले. फाउंटन पेनाच्या शाईला. पेनं मोजून चार आणि शाईच्या बाटल्या दीडशेच्या वर. साड्यांसाठी घेतलेल्या कपाटाचे दोन कप्पे त्यांनी कधी बळकावले ते सुमनकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळलंसुद्धा नाही. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडेही बाटलीचं व्यसन आहे. पीत नाहीत एवढंच."

नवी बाटली आली की काका पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं एक जाड कार्ड घेत. वर शाईचं नाव, मध्ये एक वाक्य, खाली शेरा. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब, फुटते का बघायला. मग अर्धं कार्ड पुठ्ठ्याखाली झाकून महिनाभर खिडकीत उन्हाला. वाक्य सगळ्या कार्डांवर एकच. अक्षरं बदलली की शाई वेगळी वाटते, तुलना खोटी होते, हा त्यांचा कायदा. आणि ते वाक्य काय, तर 'सुमन, चहा ठेव.' पहिली बाटली उघडली तेव्हा त्यांना चहाची तल्लफ आली होती, मनात होतं तेच कागदावर उतरलं. पुढे बदलायची सोय राहिली नाही.

मी खालच्या मजल्यावर राहते आणि शाळेत मराठी शिकवते. एकदा जिन्यात बसून वह्या तपासत होते. काका वरून उतरले, माझ्या हातातल्या लाल बॉलपेनाकडे दुखावल्यासारखे बघत राहिले आणि परत वर गेले. आले ते एक जुनं पेन घेऊन. "बाई, पोरांना इतकं लाल दाखवू नका. डाळिंबाचा रंग आहे हा. चूक कळते, पण पोटात गोळा येत नाही." मी हसले खरी, पण त्या पेनाने चार वह्या तपासल्या आणि पाचवीला स्वतःचंच अक्षर बघत बसले. झालं, लागलं. त्यानंतर काका होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत नव्याजुन्या शाईचा नमुना भरून मला देत राहिले आणि माझ्या मसाल्याच्या डब्यांशेजारी त्यांची रांग वाढत गेली. माझ्या घरच्यांनी काकांना मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल, ते न लिहिलेलंच बरं.

शाईवर छापलेलं इंग्रजी नाव काका मानत नसत. ते स्वतः बारसं करत. गुलाबी जांभळी शाई आली की 'देवळ्याचा कांदा'. मूळ गाव दिंडोरीकडचं, भावाची द्राक्षबाग, त्यामुळे निळ्याहिरव्या शाईला 'बोर्डो मारलेलं पान'. बागेत औषध फवारलं की पानावर जे निळसर हिरवे डाग उरतात ना, तेच.

तीनेक वर्षांपूर्वी कार्डांवरचे शेरे बिघडायला लागले. चांगल्या निळ्या शाईखाली, अगदी जुन्या कार्डांवरही, नव्याने 'हिरवट' असं येऊ लागलं. काकांनी आधी रविवार कारंज्यावरच्या दुकानदाराला जुना माल खपवतोस म्हणून झापलं. मग बाटल्यांवरच्या पत्त्यांवर पत्रं धाडली. मग उन्हाला दोष दिला, कपाटाला दिला. मला म्हणाले, "बाई, सगळ्या निळ्यांवर कुणीतरी बोर्डो मारलाय." मी हसण्यावारी नेलं. त्याची मला अजून लाज वाटते.

एका रविवारी सकाळी काकूंनी जिन्यातून हाक मारली. वर गेले तर काका बेसिनपाशी उभे. कट्ट्यावर सगळ्या निळ्या बाटल्या उघडून मांडलेल्या, दोन ओतून झालेल्या, तिसरी हातात. पहिल्या पेन्शनची पहिली बाटली होती ती. मी त्यांचा हातच धरला. खाली धावत जाऊन त्याच बाटलीतला माझ्याकडचा नमुना आणला आणि एका कागदावर दोन रेघा ओढल्या. मला दोन्ही सारख्याच दिसल्या, लख्ख निळ्या. काका म्हणाले, "तुमचीही खराब झाली."

"शाई नाही काका," मी म्हटलं, "डोळे."

त्यांचा चेहरा उतरला. "अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढण्यात जन्म गेला माझा," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना नावं ठेवता?" आणि आत निघून गेले. आठ दिवस बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघत. मला फार वाईट वाटत होतं, कारण हा नुसता राग नव्हता हे मला कळत होतं. त्या माणसाकडे अभिमानाची एकच गोष्ट होती, ती नजर. तीच गेली तर उरायचं काय, ही भीती होती.

नवव्या दिवशी दार वाजलं. काकांच्या हातात दहा कार्डं. काकूंकडून त्यांनी ती गुपचूप लिहून घेतली होती, नावं मागच्या बाजूला. निळ्या आणि हिरव्या मिसळलेल्या. स्वतःचीच परीक्षा घेतली होती आणि सहा चुकले होते. "शाया ठीक आहेत, बाई," ते म्हणाले. "खराब माल इकडे आहे."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय, असं डॉक्टरांनी सांगितलं. लोक विचारतात पेपर वाचता येईल का, काकांनी विचारलं निळा दिसेल का. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा काकू आणि मी समोर उभ्या होतो. काका काकूंच्या साडीकडे टक लावून बघत राहिले.

"ही निळी आहे?"

"घेतली तेव्हापासून," काकू म्हणाल्या.

"मी तर हिरवी म्हणून पसंत केली होती. बोलली नाहीस ती?"

"मला वाटलं, साड्यांतलं तुम्हाला काय कळतंय."

काका हसायला लागले आणि हसता हसता रडले. डॉक्टर डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून ओरडत होते.

दुसऱ्या डोळ्याला महिना होता. तो महिना काकांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा असावा. कार्ड धरायचं, एक डोळा मिटायचा, मग दुसरा. डावीकडून बोर्डो, उजवीकडून आभाळ. डोळ्यांचीच तुलना करायला मिळाली, आणखी काय हवं. दोन्ही झाल्यावर त्यांनी सगळी कार्डं पुन्हा काढली आणि बसून तपासली. चुकलेले शेरे मात्र गिरगटले नाहीत. त्यांच्या खात्याची शिस्त अशी, की नकाशातली चूक एका रेघेने खोडायची, खालची चूक वाचता आली पाहिजे, आणि बाजूला सही. माझ्या वर्गातली मुलं आता तशीच खोडतात. कुठून आलं हे त्यांना ठाऊक नाही.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. छातीत दुखायचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत आटोपलं. महिन्याभराने काकूंनी कार्डांचा डबा माझ्या हातात ठेवला. पहिल्या पेन्शनच्या बाटलीचं कार्ड मी शोधून काढलं. 'हिरवट. खराब.' यावर एक सरळ रेघ. खाली लिहिलं होतं, 'शाई उत्तम. नजर बिघडली होती. खालच्या बाईंनी हात धरला.' आणि सही. काकूंसमोर मी ढसाढसा रडले. हात मी एकदा धरला असेल. त्यांनी मला रोज काहीतरी दाखवलं, आणि उपकाराची नोंद मात्र माझ्या नावावर करून गेले.

नवी शाई मी अजून घेते. पेन भरते, कार्ड काढते, कायद्याप्रमाणे तेच वाक्य लिहिते आणि वाळल्यावर वर नेऊन काकूंना दाखवते. काकू चष्मा लावून रंग बघतात, वाक्य वाचतात. "ठेवते," असं कार्डालाच म्हणतात आणि गॅस पेटवायला उठतात.