विनोदिनीबाईंच्या विहिरीतलं कासव

विनोदिनीबाईंना किळस येणार नाही अशी गोष्ट उज्जैनात शोधून सापडली नसती. ताटाजवळून पाल गेली तर त्या दिवशी उपास. राम घाटावर स्नान? शी! लोकांनी ओतलेलं दूध, कुजकी फुलं, पिठाचे गोळे. त्यात बुडी मारून पुण्य मिळत असेल तर ते त्यांना नको होतं. महालक्ष्म्यांचा नैवेद्य मात्र घरामागच्या विहिरीच्याच पाण्यात व्हायचा. नळाचं पाणी सोवळ्यात चालत नाही, हा सासूबाईंचा नेम. सासूबाई गेल्या, पण बाईंनी तो एकदाही मोडला नव्हता.

आणि त्याच विहिरीत सासऱ्यांनी, म्हणजे बापूंनी, कासव सोडलेलं! बापू गेले, कासव राहिलं. बादली ओढताना बाई मान फिरवायच्या. "त्यातच खातं, त्यातच हगतं, आणि त्या पाण्यात आपण पुरण शिजवायचं!" यंदा उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा त्यांनी विहिरीत माणूस उतरवला, कासव गोणीत भरून घेतलं आणि ऑटोने राम घाटावर नेऊन नदीत सोडायला लावलं. एकदाची पीडा गेली.

गेली कसली! पावसाळ्यात विहीर भरली तशी पाण्यावर हिरवी साय धरली. खाली डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. एका सकाळी तर बादलीतून उंदीरच वर आला, फुगलेला, केस गळालेला. बाईंना भडभडून ओकारी झाली.

"आधी असलं कधी निघालं नव्हतं गं!"

"पडत होतेच, आई," सून मृण्मयी म्हणाली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवते. "उंदीर, बेडूक, सगळं पडायचं. कासव खाऊन टाकायचं. अळ्या पण, सडका पाला पण. मेलेलं कुणीतरी खावंच लागतं. नाही तर ते सडतं, आणि मग ह्या अळ्यांची, शेवाळाची दावत!"

म्हणजे इतकी वर्षं देवीपुढचं पुरण उंदीर खाणाऱ्याच्या जिवावर सोवळं होतं! विहीर उपसावी तर पावसाळी झरे उपसता उपसताच ती पुन्हा भरत, घाण तळाशी तशीच. औषध टाकावं तर ते पाणी नैवेद्याला कसं चालणार? महालक्ष्म्यांना महिना उरला होता.

"चल," त्या म्हणाल्या. "परत आणू त्याला."

राम घाटावर कुणी यात्रेकरू पिठाचे गोळे टाकत होता. गढूळ पाण्यातून एकामागून एक काळी डोकी वर आली.

"आपलं कोणतं, आई? काही निशाणी?"

बाई नाक दाबून पायऱ्या उतरल्या, त्या घाणीत गुडघाभर शिरल्या. पाठीवर ठिपके होते का? केवढं होतं? बापू त्याला काहीतरी नावाने हाक मारायचे, तेही आठवेना. आठवणार कसं? जन्मभर मान फिरवूनच पाणी ओढलेलं. बघता बघता डोकी बुडाली. स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

यंदा महालक्ष्म्यांचं पुरण नळाच्या पाण्यात शिजलं.